डोळस मोटार

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून नवी ऐसपैस मोटार घेऊन पलूसला आला. “काका, ही आपण होऊन ब्रेक लावते!”

मी हसलो. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला शेतकरी आधी बिचकलेच होते की! पुढे १९१० साली आमच्या शेजारच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या मोटारीत काचेमागचा कॅमेरा रस्त्यावरची पांढरी रेघ पाहतो. रडार लहरी सोडून पुढच्या वाहनाचे अंतर मोजते. २०२१ साली आलेल्या, चाकणला बनलेल्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या प्रकारांत ही सोय होती. रेघ पुसलेली असली, तर मात्र कॅमेऱ्याला वाट उमगत नाही.

त्या रात्री परतताना मागे नात रडू लागली. पुतण्याने क्षणभर मान वळवली. पुढे उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही! मोटारीने करकचून ब्रेक लावला. आम्ही वाचलो.

सकाळी अंगणात गेलो. आमच्याही ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. दर मोटारीला असा डोळा कुठून असणार? पाडव्याची पहिली खरेदी लाल दिव्यांचीच झाली.