गिरणगावचा चाकरमानी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लालबाग-परळच्या गिरणी कामगाराविषयी काही समज इतके रुजले आहेत की त्याच्या नातवंडांनाही ते खरे वाटतात.

गिरणगाव कोकण्यांचेच, हा त्यातला एक. रत्नागिरीतून (१९८१पर्यंत सिंधुदुर्गही त्यातच होता) माणसे फार मोठ्या संख्येने आली, हे खरे. पण सातारा-कोल्हापूरकडचे घाटावरचे लोक, तेलंगणातले पद्मशाली आणि उत्तरेकडचे मुसलमान विणकरही गिरणीच्या भोंग्यावरच उठत.

दुसरा समज जास्त अन्यायाचा : चाकरमान्याने बायकामुले गावी ठेवली ती पैसे साठवायला. साठणार काय? बहुतेकांच्या पगारात मुंबईत संसार उभा राहत नसे. म्हणून एका खोलीत पाळीप्रमाणे आळीपाळीने वळकट्या पसरायच्या, खानावळीत जेवायचे आणि गावी मनिऑर्डर धाडायची. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण, संपातली उपासमार, सगळे गावाने सोसले. शेत कसणारी बाई मागे नसती, तर मालकांना इतक्या स्वस्तात माणूस मिळाला नसता. गिरणीच्या नफ्यात तिचा वाटा कुणी मोजलाच नाही. आज इंडोनेशियातून हाँगकाँगला घरकामासाठी बायका जातात, मुले मागे नातलगांकडे वाढतात. तिकडे बाई जाते, इकडे बाई मागे राहिली; दोन्हीकडे परक्या शहराची चाकरी मागचे घरच पेलते.

मुंबईत आलेल्या बायकाही नुसत्या घरी बसल्या नव्हत्या. वाइंडिंग, रीलिंग खात्यांत त्या राबल्या. कित्येकींनी खानावळी चालवल्या, पण किराणा उधारीवर आणि डोक्यावर सावकाराचे व्याज. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

‘संपाने गिरण्या बुडाल्या’ हे तर अर्धसत्य. १८ जानेवारी १९८२ला कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्याआधीच अनेक गिरण्या जुनाट यंत्रांवर रखडत होत्या आणि कापड यंत्रमागांकडे वळले होते. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली.

राहिला गिरणी कामगारांच्या ‘फुकट घरां’चा समज. म्हाडाच्या सोडतीतले घर फुकट मिळत नाही, त्याची किंमत भरावी लागते. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार, तो हयात नसल्यास त्याचा वारस, त्यासाठी पात्र धरला जातो. आजोबांचे गिरणीतले तिकीट, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद घरात असेल, तर तो रद्दीत घालू नका.