मामांच्या घरचा गॅसचा बंब

आमच्या घरी अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापते. बंब अंगणात आहे. सकाळी तो पेटवायचे काम माझे असते. मधल्या नळीत काटक्या आणि गोवरीचे तुकडे घालायचे, काडी लावायची आणि फुंकणीने फुंकत बसायचे. धुराने डोळे चुरचुरतात. पाणी तापायला अर्धा तास तरी लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई मामांच्या घरी मुंबईला गेलो होतो. दादरला उतरून लोकलने वांद्र्याला गेलो. मामा वांद्रे पूर्वेला खेरवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. सकाळी मी मामीला विचारले, "मामी, बंब कुठंय?" मामी हसली. म्हणाली, "जा, न्हाणीघरातला लाल खुणेचा नळ सोड." मी नळ सोडला. भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीत टिक टिक टिक झाले आणि भप्प करून निळा जाळ पेटला! थोड्याच वेळात गरम पाणी आले. नळ बंद केला की जाळ बंद. मी तीन वेळा करून पाहिले. मग मामी म्हणाली, "अरे, खेळू नकोस, गॅसचं बिल येतं."

त्या पेटीला गॅसचा गिझर म्हणतात. मामांच्या इमारतीत गॅस टाकीतून येत नाही, नळातून येतो. मुंबईत घरोघरी असा गॅस देणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली सुरू झाली. तिचे मोठे कार्यालय वांद्र्यालाच आहे. हा गॅस जमिनीखालून आणि समुद्राखालून काढतात. मुंबईजवळच्या समुद्रात मुंबई हाय नावाची जागा आहे. तिथे १९७४ साली तेल आणि गॅस सापडला. काही गॅस खूप थंड करून, त्याचे पाण्यासारखे पातळ रूप करून परदेशातून जहाजाने आणतात.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. मामांची मुलगी, म्हणजे माझी ताई, अंघोळीला गेली होती. बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. मामीने हाका मारल्या. ताईने कशीबशी कडी काढली आणि ती दारातच खाली बसली. तिचे डोके दुखत होते, मळमळत होते आणि चक्कर येत होती. मामांनी गिझर बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि तिला बाहेर मोकळ्या हवेत नेले. मग डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर बाहेर आली, म्हणून वाचली." आई रडू लागली. मी पण खूप घाबरलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी पेटीचे झाकण काढले. मी जवळ उभा राहून सगळे विचारले. गिझर असा चालतो :

१) नळ सोडला की पाणी पेटीत शिरते. पाण्याच्या जोराने आतले एक बटण दाबले जाते. पाणी नसेल तर गिझर पेटतच नाही.

२) बटण दाबले की खाली बसवलेल्या दोन मोठ्या सेलची वीज मिळते. हे सेल बॅटरीत घालतो तसलेच असतात. त्या विजेने टिक टिक ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. गॅस ठिणगीवर पेटतो.

३) जाळात एक सुई असते. जाळातून अगदी थोडी वीज वाहू शकते. ही वीज सुईला मिळाली, म्हणजे जाळ लागला असे यंत्राला कळते. जाळ लागला नाही तर थोड्या सेकंदांत गॅस आपोआप बंद होतो. नाहीतर न जळलेला गॅस घरभर पसरेल.

४) जाळाच्या वर तांब्याच्या नळ्या असतात. त्यांतून पाणी धावता धावता तापते. आपल्या बंबात पाणी साठवून तापवतात, इथे वाहते पाणी तापवतात.

५) नळ बंद केला की पाण्याचा जोर जातो, बटण सुटते आणि गॅस बंद होतो. पाणी फारच तापले तरी गॅस बंद होतो.

मी म्हणालो, "एवढं सगळं याला कळतं, मग ताईला चक्कर का आली?" मिस्त्रींनी वरचा झरोका दाखवला. कबुतरे घाण करतात म्हणून मामीने त्याला पुठ्ठा लावला होता. मिस्त्री म्हणाले, "बाळ, याला पाणी कळतं, जाळ कळतो. पण खोलीत हवा आहे की नाही, ते याला कळत नाही. ते आपणच बघायचं."

जाळाला प्राणवायू लागतो. दार, झरोका बंद असला की प्राणवायू कमी पडतो. मग गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो श्वासातून रक्तात जातो आणि प्राणवायूची जागा अडवतो. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि तो तिथेच पडतो. घरातला गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. या विषारी वायूला वास कोण देणार?

मामांनी पुठ्ठा काढून कबुतरांसाठी जाळी लावली. गिझर न्हाणीघरातून काढून बाहेर मोकळ्या गॅलरीत बसवून घेतला.

शाळेत आल्यावर मी हे गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "अमेरिका, कॅनडा अशा थंड देशांत सगळं घर तापवायला गॅसची भट्टी असते. नव्या भट्टीत आधी एक छोटा पंखा फिरतो. धूर बाहेर जायची वाट मोकळी आहे असं कळलं, तरच गॅस सुटतो आणि जाळ पेटतो. मग दुसरा मोठा पंखा गरम हवा खोल्यांत सोडतो. धूर वेगळ्या नळीने घराबाहेर जातो." म्हणजे त्या यंत्राला आधी वाट बघायला शिकवले आहे. मामांच्या गिझरला शिकवलेले नव्हते.

मित्रांनो, आपल्याकडे गिझर नाही म्हणून आपल्याला भीती नाही, असे मला आधी वाटले. पण माझ्या काकूला बाळ झाले आहे. थंडी वाजू नये म्हणून आजी रात्री कोळशाची शेगडी त्यांच्या खोलीत ठेवते आणि दार, खिडकी गच्च लावते. कोळशातूनही तोच वायू निघतो. मी आजीला म्हणालो, "आजी, शेगडी बाहेर काढ." आजी म्हणाली, "गप रे, बाळाला वारं लागंल. आम्ही काय पोरं वाढवली न्हाईत व्हय?" मग मी ताईची सगळी हकिगत सांगितली. आजी गप्प बसली. आता ती खिडकी उघडी ठेवून शेक देते, आणि झोपायच्या आधी शेगडी अंगणात नेऊन ठेवते. बाळाला एक गोधडी जास्त घालते.

आता अंगणात बंब फुंकताना मला धुराचा राग येत नाही. निदान तो दिसतो तरी, आणि मोकळ्या हवेत निघून जातो. पालकांनो, तुमच्या घरी रात्री बंद खोलीत शेगडी असेल तर आजच ती बाहेर काढा. घर सोडून कुठे गेलात आणि तिथे गॅसचा गिझर असला, तर अंघोळीला जाण्याआधी झरोका उघडा आहे का ते बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी