किलोमीटरची रोजकीर्द

पेढीचा जुना टेम्पो विकायला काढला की गिऱ्हाईक आधी पत्रा पाहते, मग टायर पाहते आणि शेवटी चालकाच्या जागी बसून किल्ली फिरवते. त्याची नजर एका आकड्यावर स्थिरावते. गाडी आजवर किती किलोमीटर धावली, यावर भाव ठरणार असतो. नेमक्या याच वेळी कोणीतरी हलक्या आवाजात सुचवतो, ‘शेठ, आकडा थोडा मागे घेऊन देऊ का?’

अंतर मोजण्याची ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस याने अशा एका गाडीचे वर्णन केले आहे. ४ फूट व्यासाचे चाक ४०० वेळा फिरले की ५००० फुटांचा रोमन मैल पुरा होई आणि एक खडा धातूच्या भांड्यात पडे. दिवसाखेर खडे मोजले की प्रवास कळे. आजचा ओडोमीटरही मुळात चाकांच्या फेऱ्यांवरूनच अंतर काढतो. म्हणूनच टायर झिजून परीघ घटला की तो प्रत्यक्षापेक्षा किंचित अधिक अंतर दाखवतो.

पूर्वी हा आकडा दातेरी चक्रांवर फिरे, आता तो इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठतो. डिजिटल आकडा बदलता येत नाही, असा अनेकांचा समज आहे. परंतु योग्य उपकरण हाती असले की तोही बदलता येतो. यात नुकसान केवळ पैशाचे होत नाही. इंजिनातील टायमिंग बेल्टसारखे काही भाग ठरावीक किलोमीटरनंतर बदलावे लागतात. आकडा खोटा असेल तर घेणाऱ्याला ती वेळ कळतच नाही आणि भर रस्त्यात गाडी दगा देते.

यावर इतर देशांनी काढलेला उपाय व्यापाऱ्याला सहज पटण्यासारखा आहे. अमेरिकेने १९७२ च्या संघीय कायद्याने आकडा मागे फिरवणे गुन्हा ठरवले. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी आकडा नोंदला जातो आणि गाडीच्या क्रमांकावरून तो कोणालाही पाहता येतो. बेल्जियममध्ये २००६ पासून ‘कार-पास’ नावाचे प्रमाणपत्र आहे. दुरुस्तीच्या वेळी गॅरेज आकडा कळवते आणि जुनी मोटार विकताना तारीखवार नोंदींचा हा दाखला द्यावाच लागतो. एकटा आकडा बदलता येतो. पण वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या तारखांना लिहिलेल्या नोंदींची साखळी बदलणे अवघड असते.

आपल्याकडे गाडीच्या नोंदणी-प्रमाणपत्रावर किलोमीटरचा आकडा नसतो. मात्र जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विक्रेत्याच्या ताब्यातील गाडी कोणी, कशासाठी, केव्हा आणि किती चालवली, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही त्याला ठेवावी लागते. २०२२ मध्येच विमा नियामकाने, गाडी जितकी चालेल त्यानुसार हप्ता ठरवणाऱ्या पूरक विम्यालाही परवानगी दिली. आकड्याचे मोल वाढत आहे ते असे.

पेढीवर ही नोंद ठेवणे कठीण नाही. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून तारीख, आकडा आणि लिटर लिहावेत. समजा, मागच्या खेपेस आकडा ४५,२१० होता, आज ४५,६९० आहे आणि टाकी भरायला ४० लिटर डिझेल लागले. ४८० किलोमीटरला ४० लिटर, म्हणजे लिटरला १२ किलोमीटर. पुढे हाच हिशेब ९ वर आला तर इंजिन, टायरमधील हवा किंवा डिझेलची गळती, कुठेतरी खोट आहे हे कळते. चालकावर उगाच संशय घेण्याचा प्रसंगही टळतो. एकच मोटार दुकानाला आणि घराला वापरली जात असेल, तर आयकरात धंद्याच्या वाट्यापुरताच खर्च मान्य होतो. तो वाटा दाखवायला हीच वही कामी येते.

मापात कमी-अधिक करणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार मानला आहे. तराजू आणि मापे बदलली, पण दोषाचे स्वरूप बदललेले नाही. गाडीचा आकडाही एक मापच आहे.

तेव्हा हलक्या आवाजातील त्या सल्ल्याला उत्तर देण्यासाठी वाद घालण्याची गरज नाही. गिऱ्हाइकासमोर वही उघडावी आणि गॅरेजच्या पावत्या तिच्या शेजारी मांडाव्यात. गाडी १ लाख ६० हजार किलोमीटर धावली असेल तर तसे सांगावे. भाव कदाचित थोडा कमी येईल. पण पुढे गाडी रस्त्यात थांबली तरी पेढीच्या नावाला कोणी बोट लावणार नाही.