गोळी भरकटते तेव्हा दोष कुठे शोधायचा

अमेरिकेत पानगळ सुरू झाली की पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो आणि वर्षभर कपाटात पडून असलेल्या रायफली तपासणीसाठी मैदानावर निघतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळपास बंदच केली. तिथे परवाना आणि ठरलेला हंगाम पाळून ती चालते. गेल्या वर्षी शंभर मीटरवर वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसणाऱ्या गोळ्या यंदा ताटभर पसरलेल्या दिसल्या, की शिकारी हवालदिल होतो. नवी दुर्बीण येते, काडतुसं बदलतात, सगळे स्क्रू आवळले जातात, नळी घासून साफ होते, तेही एकाच दुपारी. नेम सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही आणि बिघडला तर गुंता वाढतो. माझं म्हणणं असं की, रायफलीला हात लावण्याआधी दोष खरंच आहे का हे ठरवावं आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. हा छंदातला काटेकोरपणा म्हणून सोडून देण्याजोगा मुद्दा नाही. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम २० सेंटिमीटरचा. गोळी थोडी मागे सरकून पोटात शिरली तर ते जनावर झाडीत पळतं आणि तासन्‌तास तडफडत मरतं.

तीन गोळ्या झाडून रायफल पारखायची सवय सगळीकडे आहे आणि खरी फसगत तिथेच होते. रायफल, काडतूस, नेमबाज यांपैकी काहीही बदललं नाही तरी प्रत्येक गोळी थोडी वेगळ्या जागी लागते. तीनच गोळ्या झाडल्या तर त्या योगायोगाने जवळ पडण्याची शक्यता बरीच असते. गणिताने पाहिलं तर त्याच रायफलीच्या दहा गोळ्यांचा पसारा तीन गोळ्यांच्या पसाऱ्याच्या सरासरी दीडपटीहून जास्त भरतो. शिवाय तीन गोळ्यांचे पसारे आपसांतही फार हेलकावतात: आत्ता २ सेंटिमीटर, पुढच्या खेपेला ४. गेल्या वर्षीचा सुंदर पुंजका नशिबाचा असेल आणि यंदाचा पसाराच रायफलीची खरी कुवत असेल, तर दुरुस्त करायला काही उरतच नाही. भरकटलेली एक गोळी ‘ती माझ्या हातून गेली’ म्हणून हिशेबातून वगळणं म्हणजे तर स्वतःच पुरावा पुसून टाकणं.

या शोधाची शिस्त कशी असावी, हे मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डच्या डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी दाखवलं. वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या या माणसाने गोळी का भरकटते, या एका प्रश्नापायी कित्येक वर्षं घालवली आणि १९०९ साली ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ हे पुस्तक काढलं. त्यांनी आधी माणूसच बाजूला काढला. काँक्रीटच्या भक्कम खांबावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेत नळी ठेवली, म्हणजे श्वास, खांदा, बोट यांचा प्रश्नच मिटला. मग गोळ्या मुद्दाम खराब करून झाडल्या. टोक चेपलेल्या गोळ्यांनी फारसा फरक पडला नाही. बूड एका बाजूने बिघडलेल्या गोळ्या मात्र दूर भरकटल्या. डोळ्यांना टोक महत्त्वाचं वाटतं, पण नळीतून सुटण्याच्या क्षणी मागून रेटणारा वायू बुडाशी जिथे फट सापडेल तिथून आधी निसटतो आणि गोळीला कडेने धक्का देतो. नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेला पडलेला नखाएवढा टवकाही हेच करतो. गाडीच्या फरशीवर नळी टेकवून नेणाऱ्याने ही कडा भिंगाखाली जरूर पाहावी.

बाकी तपासणी स्वस्तातून महागाकडे जावी. दुर्बिणीची कडी आणि दस्ता धरून ठेवणारे स्क्रू ढिले झाले असले तर नेम हमखास सरकतो आणि ते पाहायला पाच मिनिटं लागतात. नळी मोकळी राहावी अशी बनवलेली रायफल असेल तर नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघावी. पावसाळी हवेत लाकूड फुगतं. पट्टी मध्येच अडली तर तिथे लाकूड नळीला टेकतं आहे आणि गोळी सुटताना नळी दर वेळी सारखी थरथरत नाही. नेमबाजाचीही परीक्षा आहे. दुसऱ्याने रायफल भरून द्यावी, कधी खरं काडतूस, कधी नकली. नकलीवर चाप ओढताच नळीचं टोक खाली डुचकलं तर धक्क्याच्या भीतीने शरीर आधीच आवळतं आहे. मग नवी नळी घेऊन काय होणार? काडतुसांचं म्हणाल तर एकाच नावाच्या दोन खेपांतही फरक असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात दहा गुणांचं वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटरचं असतं. म्हणून त्या दर्जाचे नेमबाज रायफल शिकंज्यात धरून काडतुसांची खेपन्‌खेप पारखून घेतात.

यावर शिकारी म्हणेल, मला हरणावर एकच गोळी झाडायची आहे, दहांचं काय करू? शिवाय काडतुसं महाग आणि सलग दहा झाडल्या की शिकारी रायफलीची पातळ नळी तापून नेम वेगळाच होतो. तापण्याचा आक्षेप खरा आहे, पण त्यावर उपाय सोपा आहे. ती एकच गोळी याच पसाऱ्यातून येणार, तो कुठवर जातो हे ठाऊक नसेल तर हरणावर नेम धरायचा कशाच्या भरवशावर? हंगामाआधी दहा वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीने, दररोज एकच गोळी त्याच कागदावर झाडावी. खर्च दहा काडतुसांचा, आणि प्रत्येक गोळी जंगलातल्या पहिल्या गोळीसारखीच. कागदावरची दहा भोकं १०० मीटरवर ८ सेंटिमीटरमध्ये बसली, तर २५० मीटरवर तोच पसारा किमान २० सेंटिमीटर होतो, म्हणजे हरणाच्या छातीतली सगळी जागा संपली. तीही टेबलावर रायफल टेकवून. गुडघा टेकून, धापा टाकत नेम धरणाऱ्याने याहून बऱ्याच अलीकडे थांबायला हवं.