हार घालण्याआधी चाक उघडा

दसऱ्याला गाडी धुऊन तिला हळदकुंकू आणि झेंडूचा हार घालायची आपली रीत दिल्लीतल्या मराठी घरांतही पाळली जाते. त्याच सुट्टीत आणखी एक काम उरकावं : पुढची चाकं काढून ब्रेक पाहावेत. पावसाळा नुकताच सरलेला असतो आणि दोन-अडीच महिन्यांत ग्रेटर नोएडा ते आग्रा या 165 किलोमीटरच्या यमुना एक्स्प्रेसवेवर धुकं उतरतं. तिथे समोरचा ट्रक दिसतो तो अगदी जवळ आल्यावरच.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्या डिस्कवर पडतं. पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत जातो. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅडही टेकवतो.

दुखणं बहुधा या पिनांपाशी सुरू होतं. उन्हाळ्यातली धूळ आणि दिल्लीतल्या मिंटो पुलासारख्या ठिकाणी तुंबलेलं पाणी पिनांवरच्या फाटक्या रबरी बुटातून आत शिरतं, ग्रीस सुकतं, पिन अडकते. मग आतला पॅड एकटाच झिजत राहतो. अलॉय व्हीलच्या फटीतून डोकावलं तर बाहेरचा पॅड छान जाड दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून चाक उघडायचं.

सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करून मग जॅक लावा आणि खाली स्टँड ठेवा. सोडवलेला कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. नवा पॅड साधारण 10 मिलिमीटरचा असतो. 3 उरले की बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदम. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. पावसानंतरचा पातळ गंज पहिल्या काही ब्रेकांत जातो, खोल चरे मात्र जात नाहीत. पिना पुसून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड आणि डिस्कला ग्रीसचा थेंबही लागू नये.

ब्रेकची काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, उडवूही देऊ नका. जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. युरोपने 2024 च्या युरो 7 नियमांत ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा घातली. आपल्या गॅरेजमधला पोरगा तीच धूळ रोज श्वासात घेतो. ब्रेक क्लीनर किंवा ओलं फडकं वापरलं, तर त्याच्या छातीत ती कमी जाईल.

चाक बसवलं, नट आमनेसामने आवळले, तरी लगेच निघू नका. पिस्टन मागे ढकललेला असला तर पहिल्या दाबाला पेडल पार खाली जातं. ते कडक होईपर्यंत जागेवरच पुन्हा पुन्हा दाबा. मग खुशाल हार घाला.