कोवळ्या जवानांचा मान आणि अंगदुखीवरचे घरगुती उपाय



बेळगावच्या मराठी माणसाला मराठा लाइट इन्फंट्रीची ओळख करून द्यावी लागत नाही. या पलटणीची सुरुवात 1768 ची आणि तिचे रेजिमेंटल सेंटर 1922 पासून आपल्या बेळगावात आहे. पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या कानावर कवायतीचे आवाज पडतात. सुट्टीच्या दिवशी बाजारात बारीक केस कापलेली, ताठ चालणारी मुले दिसतात. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या भागांत तर फौजेत माणूस नाही असे घर शोधावे लागते. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकीही कित्येकांचे वडील, भाऊ किंवा मुले या गणवेशात होती आणि आहेत.

म्हणून जवानांबद्दल आदर हा विषय आपल्याला नवा नाही. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, माजी सैनिकांचा सत्कार, शहिदांना मानवंदना हे सगळे आपण मनापासून करतो. पण आदराची एक बाजू आपल्याकडून थोडी दुर्लक्षित राहते. ती म्हणजे या मुलांचे साधे, रोजचे दुखणे. त्याबद्दल या लेखात चार गोष्टी मांडत आहोत.

वय लक्षात घेऊया

आपल्या पलटणीचे दोन व्हिक्टोरिया क्रॉस आपण अभिमानाने सांगतो. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले, तेव्हा ते 22 वर्षांचे होते. शिपाई नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून एकेक करून सुरक्षित जागी पोहोचवले आणि मग शत्रूची मशीनगनची ठाणी निकामी केली. त्यांचे वय तेव्हा 23 होते. तसबिरीत पाहताना ही माणसे आपल्याला वडीलधारी वाटतात. प्रत्यक्षात आज आपल्या घरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असणाऱ्या मुलांएवढीच ती होती.

2022 साली अग्निपथ योजना आली. तिच्यात भरतीचे वय साडेसतरा ते एकवीस वर्षे ठरले. सेवा चार वर्षांची आणि त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना पुढे कायम केले जाणार. म्हणजे बारावी होऊन वर्षही झालेले नसताना मुलगा पाठीवर वजन घेऊन धावू लागतो. त्याची हाडे अजून पूर्ण भरलेली नसतात. प्रत्येक दिवसाची हजेरी आणि प्रत्येक चाचणीचा निकाल त्याच्या पुढच्या आयुष्याशी जोडलेला असतो. अशा वेळी दुखले तरी तो सांगत नाही. सांगितले तर आपण बॅचच्या मागे पडू अशी भीती असते. गावाकडे फोनवरही तो ‘सगळं बरं आहे’ एवढेच म्हणतो.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचे तर आणखी अवघड. 1.6 किलोमीटरची धाव, पुल-अप्स, नऊ फुटांची खंदक उडी, हे सगळे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, कुणाच्याही देखरेखीशिवाय चालते. तिथे उपाय करणारे डॉक्टर नसतात. असतात ते घरचे लोक, म्हणजे आपण.

कोणते दुखणे साधे?

दुखण्याचे दोन प्रकार ओळखता आले की निम्मे काम होते.

पहिला प्रकार अंग आंबण्याचा. नवा व्यायाम केल्यावर मांड्या, पोटऱ्या, दंड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दुखतात. दोन्ही बाजू सारख्या दुखतात, हालचाल सुरू झाली की थोडे मोकळे वाटते आणि चार-पाच दिवसांत दुखणे आपोआप ओसरते. हे स्नायू बळकट होत असल्याचे दुखणे आहे. घरगुती उपाय खरे इथेच कामाला येतात.

दुसरा प्रकार हाडाचा. सततच्या पावलांनी पायाच्या किंवा नडगीच्या हाडाला केसासारखी बारीक चीर पडते. प्रशियाच्या ब्राइटहाउप्ट या लष्करी डॉक्टरांनी 1855 मध्ये सैनिकांच्या पायांत हे दुखणे नोंदवले, म्हणून त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’ असेही नाव पडले. त्याची खूण अशी: एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा ठिकाणी दुखते, धावताना वाढत जाते, थांबल्यावरही राहते, पुढे पुढे रात्रीही ठणकते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये ही चीर दिसेलच असे नाही. त्यामुळे ‘फोटोत काही नाही, पळ’ असे म्हणणे धोक्याचे ठरते. वेळेवर विश्रांती मिळाली तर ही चीर बहुधा काही आठवड्यांत भरून येते. दुर्लक्ष झाले तर हाड पूर्ण मोडू शकते.

घरचे उपाय, त्यांच्या मर्यादेसह

*शेक आणि बर्फ.* आंबलेल्या, आखडलेल्या स्नायूंना गरम शेक. ताज्या मुरगळण्याला, सूज असताना पहिले दोन दिवस गार शेक. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा, थेट कातडीवर ठेवू नये. ताज्या सुजेवर गरम शेक किंवा जोरात चोळणे टाळावे.

*तेलाची मालिश.* कोमट तिळाचे किंवा नारायण तेल हलक्या हाताने लावले की आंबलेले अंग बरेच मोकळे होते. गुण तेलाइतकाच हाताच्या स्पर्शाचा आहे. नडगीवर एकाच जागी दुखत असेल तिथे मात्र मालिश नको.

*निर्गुडी, एरंड, सुंठ.* निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून त्याचा शेक, एरंडाचे पान गरम करून बांधणे, सुंठीचा कोमट लेप हे आपल्या आजीबाईंचे उपाय आहेत. ऊब आणि विश्रांती यांच्या जोडीने त्यांनी आराम वाटतो. रुईचे पान वापरत असाल तर चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. बिब्बा लावणे सोडूनच द्यावे. त्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि मग त्या पायात बूट घालायचे कसे?

*हळद-दूध.* हळदीतला सूज कमी करणारा घटक म्हणजे कर्क्युमिन. तो हळदीत जेमतेम 2 ते 5 टक्के असतो आणि शरीरात फार कमी शोषला जातो. चिमूटभर मिऱ्याची पूड घातल्याने शोषण वाढते. रात्री कपभर हळद-दूध चांगलेच, पण त्याने हाडाची चीर सांधत नाही.

*खाणे, पाणी, झोप.* हा सर्वांत मोठा उपाय आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. आंबील, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दूध, डाळ, अंडी यांनी हाडे आणि स्नायू भरतात. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. सात-आठ तास झोप मिळाली नाही तर कोणताही लेप पुरा पडत नाही. धावण्याचे अंतर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये आणि आठवड्यातला एक दिवस पायांना सुट्टी द्यावी.

काय करू नये

भरतीच्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची चाल मुलांत पसरते आहे. उपाशीपोटी, घामाने पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतात. शिवाय वेदना हा शरीराने दिलेला इशारा असतो. तो दाबून धावले की चिरीचे मोडणे होते.

‘एका दिवसात गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासूनही सावध राहावे. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड किंवा जड धातू सापडल्याची उदाहरणे आहेत. वनस्पतींचे म्हणून आपोआप निर्धोक, असे नसते.

पुढील लक्षणे दिसली तर घरी थांबू नये, डॉक्टरांकडे जावे:

- पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नसतील;
- हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ येत असेल किंवा रात्री ठणका लागत असेल;
- सांधा लाल, गरम, सुजलेला असून ताप असेल;
- पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा जाणवत असेल;
- खूप मेहनतीनंतर लघवी चहासारखी काळपट होत असेल. यात मूत्रपिंडांना धोका असतो, तासभरही वाट पाहू नये.

सेंटरमध्ये असलेल्या मुलांनी घरून पाठवलेली औषधे परस्पर घेऊ नयेत, लष्करी डॉक्टरांना विचारूनच वापरावीत. घरच्यांनीही डब्यात लाडू जरूर पाठवावेत, गोळ्या पाठवू नयेत.

आदर म्हणजे काय?

जवानाला दुखत नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या कौतुकाचे ओझे एकोणीस वर्षांच्या मुलावर पडते. त्याला दुखते. ते सांगायची त्याला मुभा देणे हा आदरच आहे. तो सुट्टीवर आला की पहिल्याच दिवशी पाहुण्यांच्या रांगेत उभा करण्याऐवजी त्याला दोन दिवस झोपू द्यावे. ‘बॉर्डरवर काय पाहिलंस?’ याआधी ‘पाय कसा आहे रे?’ असे विचारावे. आणि जो मुलगा दुखापतीमुळे भरतीतून किंवा प्रशिक्षणातून परत आला, त्याच्याकडे ‘नापास’ म्हणून पाहू नये. त्यानेही तेवढाच घाम गाळलेला असतो. गावातल्या एका टोमण्याच्या भीतीने किती मुले मोडत्या पायाने धावत राहतात, हे त्यांच्या आयांना ठाऊक असते.

कसम परेडच्या दिवशी या मुलांसाठी टाळ्या वाजवायला आपण जातोच. त्याआधीचे सहा महिने, आणि भरतीपूर्वीची वर्ष-दोन वर्षे, त्यांच्या पायांची काळजी घेणारे कोणीतरी हवे. आपल्या सभासदांत डॉक्टर, वैद्य, फिजिओथेरपिस्ट आहेत, पायपीट केलेले माजी सैनिक आहेत. आपापल्या गल्लीत पहाटे धावणाऱ्या मुलांना त्यांनी थांबवून दोन शब्द विचारावेत, बूट पाहावेत, गरज असेल तर तपासणीला न्यावे, अशी मंडळाची सर्वांना विनंती आहे.