टेस्टिंग टूलमधल्या नावांची वीस वर्षं

२००४ साली शिकागोत, थॉटवर्क्स कंपनीत, जेसन हगिन्स यांनी ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारं एक टूल लिहिलं. त्या काळी या बाजारात मर्क्युरी कंपनीचा दबदबा होता. मर्क्युरी म्हणजे पारा आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, म्हणून टूलचं नाव पडलं सेलेनियम. टूलचं नाव असं गमतीनं ठेवलं तरी बिघडत नाही, कारण ते एकदा कळलं की कळलं. टूलच्या आत ज्या आज्ञा आणि खुणा असतात, त्यांची गोष्ट वेगळी. ती नावं टेस्टरला दिवसभर वाचावी लागतात आणि रात्रीचा रन फेल झाला की सकाळी त्यांच्याच आधारानं काय बिघडलं ते शोधावं लागतं. माझं गाव बिरवाडी, नोकरी पुण्यात, काम टेस्टिंगचं. गेल्या वीसेक वर्षांत या आतल्या नावांत पुष्कळ सुधारणा झाली आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा मागोवा.

सेलेनियमच्या जुन्या आज्ञांत ‘असर्ट’ आणि ‘व्हेरिफाय’ अशी जोडी होती. दोन्हींचं काम एकच: पानावर जे दिसायला हवं ते दिसतंय का, हे बघणं. फरक पुढे पडायचा. असर्ट चुकलं की टेस्ट जागीच थांबायची, व्हेरिफाय चुकलं की चूक नोंदवून टेस्ट पुढे चालायची. हा फरक त्या दोन शब्दांत कुठेच नाही. नव्यानं कामाला लागलेला प्रत्येक जण तो पाठ करायचा, आणि घाईच्या दिवशी नेमका उलटा आठवायचा.

सर्वांत मोठी दुरुस्ती मला जेयुनिटमधली वाटते. जावात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाताखालून हे टूल गेलेलं असतं. जेयुनिट ४ मध्ये ‘बिफोर’ नावाची खूण होती, टेस्टच्या आधीची तयारी जिच्यात लिहायची. आधी म्हणजे कशाच्या आधी? सगळ्या टेस्टच्या आधी एकदा, की प्रत्येक टेस्टच्या आधी पुन्हा पुन्हा? उत्तर होतं प्रत्येक टेस्टच्या आधी. एकदाच करायच्या तयारीला ‘बिफोरक्लास’ ही दुसरी खूण होती. डेटाबेसची जोडणी चुकून ‘बिफोर’मध्ये लिहिली आणि फाइलमध्ये पन्नास टेस्ट असल्या, की जोडणीही पन्नासदा होणार. टेस्ट पास होतात, नुसत्या रेंगाळतात, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये जेयुनिट ५ आलं आणि या खुणांची नावं झाली ‘बिफोरईच’ आणि ‘बिफोरऑल’. काम तेच राहिलं. फक्त दर नवख्या माणसाला पडणारा प्रश्न नावातच सुटला. त्याच वेळी ‘इग्नोअर’ची जागा ‘डिसेबल्ड’नं घेतली, तीही योग्यच. ‘इग्नोअर’ वाचून टेस्ट चालते पण निकाल धरत नाहीत, असंही वाटू शकतं. ‘डिसेबल्ड’ म्हटलं की ती बंद ठेवली आहे, याबद्दल शंका उरत नाही.

जावास्क्रिप्टच्या जगातही असंच घडलं. जॅस्मिन या टूलमध्ये टेस्ट वगळायची तर तिच्या सुरुवातीच्या ‘इट’ या शब्दाला आधी ‘एक्स’ लावायचा, एकटी चालवायची तर ‘एफ’. जेस्ट या टूलमध्ये तीच कामं ‘स्किप’ आणि ‘ओन्ली’ या नावांनी करता येतात. एक अक्षर नजरेतून निसटतं आणि वगळलेली टेस्ट वगळलेलीच राहते. ‘स्किप’ निदान फाइलमध्ये शोधता तरी येतं.

सेलेनियम ४ हे ऑक्टोबर २०२१ मधलं. पानावरचा एखादा घटक ‘या चौकटीच्या खाली’, ‘त्या बटणाच्या डावीकडे’ असा शोधायची सोय त्यात आली. ही कल्पना आपल्याकडची: बंगळूरचे नारायण रामन यांच्या ‘सही’ या टूलमध्ये ती आधीपासून होती. सेलेनियममध्ये सुरुवातीला या सोयीला ‘फ्रेंडली लोकेटर’ म्हणत, पुढे ‘रिलेटिव्ह लोकेटर’ केलं. पहिलं नाव सोयीचं कौतुक करत होतं, दुसरं ती काय करते ते सांगतं. अशा अदलाबदलीत मी नेहमी दुसऱ्याच्या बाजूचा.

हे सगळं झालं प्रोग्रॅमरच्या भाषेत. ब्रिटनमधले डॅन नॉर्थ यांनी प्रश्न आणखी पुढे नेला. टेस्टचं नाव वाक्यासारखं असावं, प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही ते वाचता यावं, हा त्यांचा आग्रह. २००६ मधल्या त्यांच्या लेखामुळे तो सर्वदूर पोचला. ख्रिस मॅट्स यांच्यासोबत त्यांनी ‘गिव्हन, व्हेन, देन’ असा तीन पायऱ्यांचा साचा बसवला: आधीची स्थिती, मग घडलेली कृती, मग अपेक्षित परिणाम. अस्लाक हेलेसॉय यांचं कुकुंबर हे टूल २००८ मध्ये याच साच्यावर उभं राहिलं. त्यातल्या टेस्ट गर्किन नावाच्या बोलीत लिहितात, आणि या बोलीतले ठरावीक शब्द कितीतरी भाषांत उपलब्ध आहेत. त्यांत मराठीही आहे. ‘फीचर’साठी वैशिष्ट्य किंवा सुविधा, ‘सिनॅरिओ’साठी परिदृश्य, ‘बॅकग्राउंड’साठी पार्श्वभूमी, ‘व्हेन’साठी जेव्हा, ‘देन’साठी मग किंवा तेव्हा. आणि ‘गिव्हन’साठी जर, किंवा दिलेल्या प्रमाणे.

बिरवाडीत माझा चुलतभाऊ एका पतसंस्थेत हिशेब बघतो. गर्किनमधल्या टेस्ट खरं म्हणजे त्याच्यासारख्यांसाठीच आहेत: नियम ज्याला तोंडपाठ आहेत, पण कोडशी ज्याचा संबंध नाही. त्याला मी तीन ओळी दाखवल्या. ‘जर ग्राहकाच्या खात्यात ५०० रुपये आहेत. जेव्हा तो ७०० रुपये काढायला जातो. मग व्यवहार नाकारला जातो.’ दादानं पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

“जर आहे, तर कुठंय? आणि नसले पाचशे तर काय करायचं?”

त्याचं बरोबर होतं. ‘जर’ वाचला की मराठी माणूस ‘तर’ची वाट बघतो आणि दोन शक्यता धरून चालतो. ‘गिव्हन’मध्ये शक्यता नसते. तिथे स्थिती ठरवून दिलेली असते, ५०० रुपये आहेतच. हिंदीच्या यादीतही ‘अगर’ आणि ‘यदि’ आहेत, तिथेही हीच अडचण येणार. ‘दिलेल्या प्रमाणे’ तर प्रश्नपत्रिकेतून उचलल्यासारखं वाटतं. मी ओळ बदलली: ‘समजा, ग्राहकाच्या खात्यात ५०० रुपये आहेत.’ दादा थांबला नाही. पुढच्या दोन ओळी वाचून त्यानं उलट विचारलं, खात्यात किमान शिल्लक ठेवायची अट यात का धरली नाही? टेस्टमध्ये खरोखरच ती राहिली होती. गणिताच्या तासाला ‘समजा’ शिकलेल्या कुणालाही या साच्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

बिरवाडीहून रायगड लांब नाही, त्यामुळे तिथल्या नामकरणाची आठवण होणं साहजिक आहे. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांना संस्कृत नावं मिळाली: मुजुमदारांचे अमात्य झाले, सुरनिसांचे सचिव, डबीरांचे सुमंत. दुर्ग, शस्त्र, लेखन, पण्य अशा कामाच्या दहा वर्गांत शब्द लावून राज्यव्यवहारकोश तयार झाला. कामानुसार लावलेला म्हणून तो कारकुनाच्या हाताला सोपा. पण ‘मुख्य प्रधान’ आलं तरी ‘पेशवा’ गेला नाही. मुजुमदार आणि डबीर आडनावांत राहिले. लोकांच्या तोंडी बसलेलं जुनं नाव हुकमानं जात नाही, हे टूल लिहिणाऱ्यांनीही ओळखलं आहे. जेयुनिट ५ मध्ये ‘व्हिंटेज’ नावाचा भाग ठेवला, तो जुन्या खुणांच्या टेस्ट तशाच चालवतो.

मराठी गर्किनमध्येही ‘जर’ काढायचं कारण नाही. ज्यांनी त्यावर फाइली लिहिल्या आहेत त्यांच्या टेस्ट मोडता कामा नयेत. यादीत एका जागी अनेक शब्द चालतात. इंग्रजीत ‘सिनॅरिओ’शेजारी ‘एक्झाम्पल’ही आहे. मराठीच्या यादीत ‘जर’शेजारी ‘समजा’ बसवायला एका शब्दाचीच भर लागेल. कुकुंबर वाक्याला जुळणारं कोड शोधताना सुरुवातीचा हा शब्द जमेस धरत नाही, म्हणून कोडलाही हात लावावा लागणार नाही. यादी खुली आहे, बदल कुणीही सुचवू शकतं. तोवर या जागी नुसतं तारांकन चालतं. आमच्या मराठी फाइलींत मी तारांकन टाकतो आणि त्याच्यापुढे ‘समजा’ लिहितो.